जाड मुठीचा चमचा आणि दोन कायदे

बोटांत जोर नसलेल्या माणसासाठी बनवलेला एक चमचा घ्या. मूठ साधारण तीन सेंटिमीटर जाड, पंजात भरेल अशी. मान एका बाजूला वळवलेली, म्हणजे मनगट न फिरवता घास तोंडाशी येतो. मुठीवर तीन उथळ खळगे, बोटं आपसूक तिथेच बसावीत म्हणून. या चमच्याला भारतातले दोन कायदे दोन बाजूंनी भिडतात. हा आकार बाजारात विकण्याचा हक्क कोणाचा, हे डिझाइन कायदा २००० ठरवतो. रोजच्या वस्तू आपल्याला वापरता याव्यात हा हक्क दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ देतो. बनवणारे बहुतेक पहिल्याच्या मागे असतात, वापरणारे दुसऱ्याच्या, आणि दोघांनाही समोरच्याचा कायदा माहीत नसल्याचा फटका बसतो.

डिझाइन कायद्याला फक्त दिसणं कळतं. कलम २(डी) मधली व्याख्या स्पष्ट आहे: आकार, रचना, नक्षी, रंग-रेषांची मांडणी, आणि तीही केवळ डोळ्यांनी पारखायची. बांधणीचं तत्त्व किंवा मुळात निव्वळ यांत्रिक साधन असेल ते व्याख्येबाहेर. म्हणजे 'मान वळवली की मनगट वळवावं लागत नाही' ही कल्पना या कायद्याने तुमची होत नाही. त्या विशिष्ट वळणाची, त्या मुठीची, त्या खळग्यांची एकत्रित आकृती तेवढी होते. सहायक साधनं बनवणाऱ्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. साधनाचा जीव त्याच्या कामात असतो, नोंदणी मात्र रूपाची होते. मग दुसरा कोणी तीच युक्ती वेगळ्या दिसणाऱ्या मुठीत बसवून विकतो आणि हातातलं प्रमाणपत्र काहीच करू शकत नाही.

स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा: हेच काम करणारा चमचा आणखी चार वेगळ्या रूपांत बनवता येईल का? येत असेल, तर तुमचं रूप ही तुमची निवड आहे आणि ती नोंदवण्यासारखी आहे. कामासाठी तो एकच आकार शक्य असेल, तर नोंदणी मिळाली तरी ती ठिसूळ राहील. कामाची युक्ती खरोखर नवी असेल तर वाट पेटंटची. त्यासाठी आधी तात्पुरता अर्ज करून पूर्ण तपशील १२ महिन्यांत देता येतो. दोन्ही हवं असेल तर दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका. एक आधी उघड झालं की ते दुसऱ्याच्या नावीन्याच्या मुळावर येतं.

हे नावीन्य जपणंच या क्षेत्रात सगळ्यात अवघड. कलम ४ नुसार, अर्जाच्या आधी डिझाइन भारतात किंवा जगात कुठेही छापून, दाखवून किंवा वापरून उघड झालं असेल तर नोंदणी होत नाही. शोभेच्या फुलदाणीचं ठीक आहे, ती कपाटात लपवता येते. पण हात थरथरणाऱ्या माणसाला वापरायला दिल्याशिवाय हा चमचा चांगला होणारच नाही. तो दहा घरांत जायला हवा, सांडायला हवा, परत यायला हवा. मग कोणीतरी कौतुकाने व्हिडिओ काढतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, संस्थेच्या फेसबुक पानावर चढतो, आणि दोन वर्षांनी नक्कल करणाऱ्याचा वकील नेमकी तीच तारीख कोर्टात मांडतो.

यावर कलम १६ चा आधार आहे. विश्वासाने दाखवलेलं डिझाइन कोणी विश्वास मोडून उघड केलं, तर त्याने नोंदणी बाद होत नाही. पण विश्वास होता हे सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून चाचणीला नमुना देताना एका पानाचं गोपनीयतेचं पत्र करा: कोणता नमुना, कोणत्या तारखेला, कशासाठी दिला, फोटो काढायचा नाही, परत कधी द्यायचा. इथेच दुसरा कायदा दारात येतो. दिव्यांग कायद्याचं कलम १३ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. तेव्हा प्रौढ माणसाची सही त्याचीच घ्या. 'त्यांच्या वतीने मुलाने सही केली' हे सवयीने चालतं, ते बंद करा. अंध व्यक्तीला पत्र वाचून दाखवा किंवा ब्रेलमध्ये द्या आणि तसं केल्याची नोंद त्याच पानावर करा. कर्णबधिर व्यक्तीशी खुणांच्या भाषेत बोलणं झालं असेल तर दुभाष्याचं नावही लिहा. असा कागद नैतिकदृष्ट्या योग्य तर असतोच, कोर्टातही टिकतो.

प्रदर्शनाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कलम २१ मध्ये प्रदर्शनाला सवलत आहे हे खरं, पण ती केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवलेल्या प्रदर्शनांनाच लागू होते. त्यातही कंट्रोलरला, म्हणजे डिझाइन नोंदणीच्या प्रमुख अधिकाऱ्याला, फॉर्म ९ वर आधी सूचना द्यावी लागते आणि पहिल्यांदा मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. कॉलेजचा प्रकल्प मेळावा यात धरला जाईल या भरवशावर राहू नका.

आता अर्ज. फॉर्म १, ऑनलाइन भरता येतो. नोंदणीचं काम कोलकात्याच्या कार्यालयातून चालतं. एका व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला शुल्क १,००० रुपये, इतरांना ४,०००. वस्तूचा वर्ग लोकार्नो वर्गीकरणातून, म्हणजे डिझाइनसाठीच्या वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय यादीतून, निवडायचा, आणि इथे सहायक साधन म्हणून एकच खण नाही: चमचा ०७-०३ मध्ये, चालायची काठी ०३-०३ मध्ये, व्हीलचेअर १२-१२ मध्ये, कृत्रिम अवयव २४-०३ मध्ये. अपंगांसाठी आहे म्हणून सरसकट वैद्यकीय वर्ग टाकू नका. हक्काची अंमलबजावणी त्या वर्गातल्या वस्तूंपुरतीच होते.

चित्रांवर वेळ घाला, कारण हक्काची हद्द तीच आखतात. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरपं दृश्य. सगळ्यांचं प्रमाण एकच, पार्श्वभूमी कोरी, मापं किंवा अभियांत्रिकी खुणा नकोत. चमचा हातात धरलेला फोटो कितीही बोलका असला तरी इथे चालत नाही, हातामागे मूठ झाकली जाते. नेहमी सापडणारी चूक अशी: डाव्या दृश्यात मान उजवीकडे वळलेली आणि उजव्या दृश्यातही उजवीकडेच, कारण कोणीतरी एकच चित्र दोनदा चिकटवलेलं असतं. परीक्षक हे लगेच पकडतो आणि आक्षेप येतो. अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत सगळे आक्षेप दूर व्हायला हवेत, त्यापुढे फार तर तीन महिने वाढवून मिळतात. चित्रांखाली नावीन्य कशात आहे ते लिहायचं: मुठीच्या आणि मानेच्या दाखवलेल्या आकारात. आणि यांत्रिक क्रियेवर, अक्षरांवर, अंकांवर हक्क सांगत नाही, असंही लिहायचं. मुठीवर ब्रेल ठिपके असतील तर उंचवटा म्हणून ते आकृतीत दिसतील, पण ब्रेल लिपीवर हक्क सांगायला जाऊ नका. ती सगळ्यांची आहे.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि दहा वर्षं टिकते. मुदतीआधी फॉर्म ३ भरला की आणखी पाच. विक्रीच्या प्रत्येक नगावर नोंदणीची खूण आणि क्रमांक टाका. कलम १५ नुसार ती खूण नसेल तर नुकसानभरपाई मिळवणं कठीण होतं. आणि नोंदणीच केली नाही, 'चित्रांवर कॉपीराइट आहेच ना' म्हणून बसलात, तर तो भ्रम आहे. नोंदवता येण्याजोगं डिझाइन न नोंदवता कारखान्यातून पन्नासाहून जास्त नग काढले की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे तो हक्क संपतो.

नक्कल कशाला म्हणायचं हे वापरणाऱ्यांनीही नीट वाचावं. कलम २२ मधली बंदी विक्रीच्या हेतूने केलेल्या कृतींवर आहे. आईने लेकीच्या चमच्याला स्वतः तशी मूठ घडवली, शाळेतल्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर एक काढून दिली, तर ती नक्कल ठरत नाही. भीतीपोटी कोणी हे थांबवू नये. मात्र संस्थेने पाचशे नग कारखानदाराकडून करून घेऊन फुकट वाटले, तरी कारखानदाराने संस्थेला ते विकलेच. तिथे परवानगी घ्या. नक्कल करणाऱ्याने द्यायची रक्कम कायद्यात लहान आहे: दर उल्लंघनाला कमाल २५,००० रुपये, एका डिझाइनपोटी एकूण ५०,०००. म्हणून बहुतेक जण भरपाई आणि मनाईहुकमाचा दावा लावतात, तो जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. समोरच्याने 'नोंदणीच रद्दबातल आहे' असा बचाव घेतला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं, आणि तिथे त्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओची आठवण होते.

आता वापरणाऱ्याची बाजू. दिव्यांग कायद्याची दोन शेजारशेजारची कलमं सावकाश वाचा. कलम ४३ म्हणतं, सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकवस्तूंच्या निर्मितीला आणि वितरणाला सरकारने चालना द्यावी. कलम ४२ म्हणतं, रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा रूपात उपलब्ध होतील याची खात्री सरकारने करावी. 'चालना' आणि 'खात्री' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चमच्यासाठी कायदा मऊ आहे आणि हे मला फार खटकतं. पण गुळगुळीत काचेची इंडक्शन शेगडी, जिच्यावर बोटाला एकही बटण लागत नाही, तिच्याविरुद्ध लिहिताना ४२ चा आधार घ्या, ४३ चा नको. तक्रारीचा रोख सरकारच्या कर्तव्यावर ठेवा, कारण या दोन कलमांत बांधील सरकार आहे, कंपनी नाही.

तसाच काचेचा पॅनेल बँकेच्या किंवा दवाखान्याच्या काउंटरवर असेल तर गोष्ट बदलते. तिथे कलम ४६ लागतं आणि ते खाजगी सेवा देणाऱ्यालाही बांधतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग कायद्याखालच्या नियमांमधला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण सुगम्यतेची, म्हणजे सर्वांना वापरता येण्याची, मार्गदर्शक तत्त्वं फक्त शिफारशीसारखी राहिली होती, आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करायला सांगितलं. तक्रारीत या निकालाचा उल्लेख जरूर करा.

महाराष्ट्रात तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाते. एका पानात लिहा: कोणतं उपकरण, कुठे, कोणत्या तारखेला, नेमकं काय करता आलं नाही, कोणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं, आणि काय बदल हवा. 'गैरसोय झाली' या शब्दांनी काही हलत नाही. 'पिन टाकायला अंकांची बटणं नाहीत, म्हणून पिन काउंटरवरच्या माणसाला सांगावा लागला' हे वाक्य हलवतं. आयुक्तांची शिफारस न मानणाऱ्या प्राधिकरणाला तीन महिन्यांत कारणं कळवावी लागतात, ती तक्रारदारालाही. ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि उलटली की त्याच दिवशी स्मरणपत्र पाठवा.