पुरवणी बदलली, आठ कॉलम काही हटेनात

आमच्या रविवार पुरवणीचं रूप बदलायला संपादक पहिल्याच डमीला, म्हणजे पानाच्या नमुन्याला, हो म्हणाले. मजकूर आठऐवजी सहा कॉलमांत, अक्षर थोडं मोठं, फोटोंना श्वास घ्यायला जागा. फॉन्ट ठरला, लोगो झाला. आणि मग सगळं जाहिरात विभागाच्या दारात अडून बसलं.

कारण खरं आहे, ते मी नाकारत नाही. जाहिरात कॉलम-सेंटिमीटरवर, म्हणजे किती कॉलम रुंद आणि किती सेंटिमीटर उंच यावर, विकली जाते. आमच्या पानाची छापील रुंदी ३३ सेंटिमीटर. आठ कॉलमांत दोन कॉलमी जाहिरात जेमतेम ८ सेंटिमीटर भरते, सहा कॉलमांत तीच पावणेअकरा होते. दर तोच ठेवला तर सोनाराला जागा फुकट, वाढवला तर त्याचा वर्षाचा करार मोडला. क्लासवाले, बिल्डर, सगळ्यांच्या तयार जाहिराती जुन्याच मापात.

पण हे एका बैठकीत सांगून मोकळं व्हावं ना! मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने घणसोलीला उतरून रिक्षाने महाप्याला जाहिरात विभागात जायचे, तर कधी "साहेब पार्टीकडे गेलेत", कधी "दरपत्रक वर पाठवलंय", कधी "एप्रिलपासून बघू या". साहेब भेटलेच तर पान बघण्याआधी पट्टी शोधायचे. "मॅडम, डिझाइन एकदम मस्त. फक्त कॉलम आठच ठेवा." कॉलम आठच ठेवायचे तर नवीन काय, लोगो?

तोड शेवटी मापातच सापडली. आठांतले चार कॉलम आणि सहांतले तीन, दोन्हींची रुंदी १६.३ सेंटिमीटर. अर्धं पान दोन्हीकडे जुळतं. मग जाहिराती तळाच्या आडव्या पट्ट्यात जुन्या आठ कॉलमांत, वर मजकूर सहांत, मध्ये बारीक रेघ. जिन्यासारख्या चढत जाणाऱ्या जाहिराती बंद. जुन्या अंकांतल्या खऱ्या जाहिराती कापून डमीवर चिकटवल्या आणि नेल्या, तेव्हा कुठे सही झाली. डमीत जाहिरातींच्या जागी नुसत्या करड्या चौकटी ठेवूच नका. जाहिरातवाल्यांना त्यात गिऱ्हाईक दिसत नाही. आणि त्यांना संपादकांच्याही आधी बोलवा, चहा पाजा, पण बोलवा.

बाकी प्रेसमध्ये फार त्रास झाला नाही. फोरमनकाकांनी बजावलं, चारही रंगांच्या शाया एकावर एक छापून केलेल्या काळ्यावर बारीक पांढरी अक्षरं नकोत. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, अनुस्वार बुजतात, रंग केसभर सरकला तरी मात्रा जाते. पुरवणी मुख्य अंकाच्या आधीच छापून ठेवतात, तेव्हा "रात्री दुरुस्त करू" हे विसरा.

हो, जुन्या फॉन्टमधले लेख युनिकोडमध्ये आणताना 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टरने आमच्या 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' केलं होतं, कऱ्हाडचंही तेच.

शब्दकोड्याची जागा मात्र हलवू नका, नाहीतर सकाळी सातपासून नौपाड्यातले आजोबा फोन करतात. चौकोन मोठे ठेवा, त्यात जोडाक्षर वेलांटीसकट मावलं पाहिजे. आणि त्याच्या पाठीमागे काळपट फोटो येऊ देऊ नका. कागद पातळ असतो, फोटो इकडे दिसतो आणि कोडं सोडवणारे सगळे बॉलपेनने लिहितात.