साडेतीन महिने आणि एक हॅकिंटॉश (माझा अनुभव)

२४ ऑक्टोबर २०२२ ला लक्ष्मीपूजन होतं आणि त्याच दिवशी ॲपलने मॅकओएस व्हेंचुरा, म्हणजे मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती, सोडली. रात्री बाहेर फटाके चालू आणि मी आत कॅबिनेटचं झाकण काढून बसलेलो, आई म्हणाली अरे आज तरी त्या यंत्राची पूजा कर, उघडतोस काय. पूजा केली असती तर बरं झालं असतं असं पुढे बऱ्याचदा वाटलं.

मला आयफोनसाठी एक छोटं ॲप करायचं होतं आणि त्यासाठी लागणारं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. त्यावेळी भारतात एम१ मॅक मिनीची किंमत ६४,९०० रुपये. घरात २०१९ ला जुळवलेला पीसी धूळ खात पडलेला, आय५ ९४०० प्रोसेसर, बी३६० बोर्ड, १६ जीबी रॅम. म्हणलं यावरच मॅकओएस बसवू (साध्या पीसीवर मॅकओएस चालवलं की त्याला हॅकिंटॉश म्हणतात), फार तर दोन वीकेंड जातील. (हसू नका.)

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, ॲपलच्या लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलंय की मॅकओएस फक्त ॲपलच्याच मशीनवर टाकायचं. अमेरिकेत सायस्टार नावाची कंपनी २००८ पासून असे पीसी बनवून विकायला लागली होती, ॲपलने त्यांना कोर्टात खेचलं आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने त्यांना बंदी केली. मी विकत बिकत काही नव्हतो, पण नियमात बसत नाही ते नाहीच बसत, आणि उद्या काही बिघडलं तर ॲपलच्या दारात जाऊन रडता येणार नाही हे डोक्यात ठेवूनच बसलो. मॅकओएसच्या आत एका फाइलचं नावच "डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स" असं आहे, ती पहिल्यांदा दिसली तेव्हा कुणीतरी मागे उभं राहून बघतंय असं वाटलं.

पहिली अडचण ग्राफिक्स कार्डची. माझ्याकडे जीटीएक्स १६५० होतं आणि एनव्हिडियाच्या या पिढीच्या कार्डांना मॅकओएसमध्ये ड्रायव्हरच नाही, हाय सिएरा या जुन्या आवृत्तीनंतर तो विषय संपला. एएमडीचं कार्ड घ्यावं, उदाहरणार्थ पोलारिस पिढीचं म्हणजे आरएक्स ५७०, ५८० वगैरे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं होतं त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मायनिंगमधून निघालेली कार्डं ढिगाने आलेली. १६५० विकलं आणि एका दुकानातून साडेसात हजारात ५८०, ८ जीबी उचललं. दुकानदाराने समोर विंडोज लावून दाखवलं, पंखे फिरत होते, नाव ५८० दिसत होतं, खूश होऊन डोंबिवली फास्ट पकडली. कार्ड मांडीवर, जसं काही देवळातून नारळ आणलाय.

आता काम काय असतं ते थोडक्यात. ओपनकोर नावाचा बूटलोडर (मशीन चालू होताना ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) आहे, तो मॅकओएसला पटवतो की बाबा तू खऱ्या आयमॅकवरच आहेस. त्यात ईएफआय नावाचा फोल्डर, त्या फोल्डरमध्ये केक्स्ट म्हणजे ड्रायव्हरसारख्या फाइली (व्हर्च्युअलएसएमसी ॲपलच्या एसएमसी चिपचं सोंग घेतो, लिलू आणि व्हॉटेव्हरग्रीन ग्राफिक्सचं बघतात, ॲपलएएलसी आवाजाचं), एसएसडीटी नावाच्या छोट्या फाइली ज्या बोर्डाची माहिती मॅकला समजेल अशी करून देतात, आणि या सगळ्यांचा जमाखर्च एका फाइलीत, कॉन्फिग डॉट पीलिस्ट. नवव्या पिढीच्या प्रोसेसरला मॉडेल द्यायचं आयमॅक १९,१. पेनड्राइव्हवर फक्त सहा-सातशे एमबीचं रिकव्हरी टाकायचं, बाकी बारा जीबीच्या आसपास इन्स्टॉलर नेटवरून उतरतो, म्हणून लॅन केबलचा केक्स्ट पहिल्याच दिवशी बरोबर लागतो.

पेनड्राइव्ह लावला, व्हर्बोज मोड चालू ठेवला म्हणजे सफरचंदाऐवजी काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी सरकतात, आणि एका ओळीवर गाडी थांबली: पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन. बास. पुढे काही नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं, जेवून आलो तरी तीच ओळ.

आता ओळीत पीसीआय लिहिलंय म्हणजे पीसीआयचाच घोळ असणार ना? ग्राफिक्स कार्ड काढलं, परत लावलं, वायफाय कार्ड काढलं, बायोसमध्ये म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये अबव्ह फोर जी डिकोडिंग नावाचा पर्याय चालू केला बंद केला, एसएसडी दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली, चार संध्याकाळी गेल्या. ऑफिसमधला एक जण, जो स्वतः दोन हॅकिंटॉश करून बसलेला, त्याला डब्याच्या वेळेला फोटो दाखवला तर तो जेवता जेवता म्हणाला, "अरे ती ओळ बिघडलेली नाहीये, तिथपर्यंत चांगलं होतं एवढंच ती सांगतेय. तिच्या पुढचं काय ते शोध." आणि परत भाजीत पोळी बुडवली. एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर.

पुढचं काय होतं, तर घड्याळ. ३०० सिरीजच्या बोर्डांवर एडब्ल्यूएसी नावाचं नवीन घड्याळ असतं, मॅकओएसला ते ओळखता येत नाही, त्याला जुनं आरटीसी हवं. त्यासाठी एसएसडीटी-एडब्ल्यूएसी नावाची फाइल असते जी जुनं घड्याळ चालू करून देते. मी म्हणलं पण ही फाइल तर मी टाकलीय! फोल्डर उघडला, फाइल आहे. मग कॉन्फिग डॉट पीलिस्ट उघडलं, तिथे एसएसडीटीच्या यादीत तिचं नावच नाही. म्हणजे पाहुणा घरात येऊन बसलाय पण यजमानाला पत्ताच नाही. ही फाइल ज्यात उघडतात त्या प्रॉपरट्रीमध्ये स्नॅपशॉट नावाचा पर्याय आहे, तो दाबला की फोल्डरमध्ये जे आहे ते आपोआप यादीत येतं, मी तो आधी दाबलेला आणि फाइल नंतर टाकलेली. कंट्रोल आर दाबलं, सेव्ह केलं, रीस्टार्ट, आणि ती ओळ डोळ्याची पापणी लवायच्या आत सरकून गेली. चार दिवस जिला बघत बसलो होतो ती ओळ परत नीट वाचतासुद्धा आली नाही.

इन्स्टॉलेशनचं फार सांगत नाही. मधे मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होतं आणि दर वेळी मेनूत मॅकओएस इन्स्टॉलर असं लिहिलेलं निवडायचं असतं, मी पहिल्यांदा परत रिकव्हरीच निवडलं आणि सगळं पहिल्यापासून. दुसऱ्यांदा "१२ मिनिटं बाकी" असताना लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आणि ट्यूब चालते, पीसी नाही. तिसऱ्यांदा रात्री दीडला वेगवेगळ्या भाषांतलं स्वागत स्क्रीनवर यायला लागलं आणि मी एकटाच खुर्चीत हात वर करून बसलो.

आनंद सकाळपर्यंत टिकला. खिडकी ओढली की ती मागून सावकाश येते, जसं काही पाण्यात चालतेय, डॉक एकदम ठोकळ्यासारखा करडा, आणि माहितीत ग्राफिक्ससमोर लिहिलेलं: डिस्प्ले, ७ एमबी. आठ जीबीचं कार्ड आणि सात एमबी! म्हणजे ड्रायव्हर चढलाच नाही, नुसतं चित्र दिसतंय. आता मी शहाणा झालो होतो, व्हॉटेव्हरग्रीन यादीत आहे का बघितलं, आहे, चालू आहे, व्हर्जन नवीन आहे. बूट आर्ग्युमेंट, म्हणजे सुरू होताना द्यायच्या सूचना, बदलून बघितली. कार्ड मायनिंगचं म्हणून त्याचा बायोस कुणी बदललाय का हा संशय घेऊन दोन दिवस त्यातच. शेवटी विंडोजची जुनी हार्डडिस्क लावली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा हार्डवेअर आयडी बघितला: ६एफडीएफ. आणि खऱ्या ५८० चा आयडी असतो ६७डीएफ.

ही काय भानगड तर आरएक्स ५८० २०४८एसपी नावाचं एक वेगळं कार्ड आहे. खऱ्या ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर असतात, यात २०४८, म्हणजे आतून ते ५७० च्या बरोबरीचं आणि नाव मोठ्या भावाचं. विंडोजला काही फरक पडत नाही, ते दोघांना ओळखतं. मॅकओएसच्या ड्रायव्हरमध्ये मात्र आयडींची ठरलेली यादी असते आणि त्यात ६एफडीएफ नाही, त्यामुळे दारावर नाव बघून परत पाठवलं. दुकानात परत गेलो तर दुकानदार म्हणाला साहेब बॉक्सवर ५८० लिहिलंय ना, मग ५८०च. बॉक्स त्याने दिलाच नव्हता.

उपाय होता, कार्डाला खोटं ओळखपत्र द्यायचं. एक छोटी एसएसडीटी लिहायची ज्यात सांगायचं की या जागी बसलेल्या कार्डाचा आयडी ६७डीएफ समजा. "या जागी" म्हणजे बोर्डावरचा नेमका पत्ता, माझ्याकडे पीसीआय०, त्याखाली पीईजी०, त्याखाली पीईजीपी, डिव्हाइस मॅनेजरमध्ये बायोस डिव्हाइस नेम म्हणून दिसतो तो. पहिल्या वेळी मी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप केलेला, अर्थात काहीच झालं नाही आणि एररही नाही, कारण त्या पत्त्यावर कुणी राहतच नाही. शून्य केला, स्नॅपशॉट आठवणीने मारला, रीस्टार्ट. डॉक अर्धपारदर्शक झाला होता, मागच्या चित्राचा रंग त्यातून झिरपत होता. मी बायकोला उठवून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. आधी कसा होता?"

तोवर जानेवारी उजाडला होता आणि १७ तारखेला ॲपलने एम२ मॅक मिनी जाहीर केला, भारतात किंमत ५९,९००. बायकोनेच बातमी फॉरवर्ड केली, खाली काही लिहिलं नाही.

आवाजाला एक रविवार गेला. बोर्डावरच्या एएलसी८८७ या आवाजाच्या चिपला लेआउट आयडी नावाचा एक आकडा द्यावा लागतो आणि कुठला चालेल ते लावूनच बघायचं, १, २, ३, ५, ७ करत ११ ला स्पीकरमधून आवाज आला. दर वेळी रीस्टार्ट, दर वेळी चहा.

यूएसबीचं मात्र सांगायलाच पाहिजे. मॅकओएसमध्ये एका कंट्रोलरला १५ पोर्टांची मर्यादा आहे. वाटतं माझ्याकडे कुठे पंधरा आहेत, पण निळा पोर्ट असतो तो दोन म्हणून मोजला जातो, एक यूएसबी २ चा आणि एक यूएसबी ३ चा, शिवाय बोर्डावरच्या आतल्या पिना वेगळ्या. आधी एका सेटिंगने ही मर्यादा उठवता यायची, मॅकओएस बिग सर ११.३ पासून ते मोडलं. माझ्याकडे कीबोर्ड मागच्या एका पोर्टमध्ये चालायचा आणि शेजारच्यात नाही, पेनड्राइव्ह पुढे चालायचा पण रडत रडत. म्हणजे कुठला भौतिक पोर्ट आत कुठल्या नावाचा हे शोधून आपली पंधराची यादी आपणच करायची.

तेव्हा भाचा आलेला राहायला, नऊ वर्षांचा. त्याला टॉर्च देऊन कॅबिनेटच्या मागे बसवला, हातात दोन पेनड्राइव्ह, एक जुना यूएसबी २ चा आणि एक ३ चा. मी म्हणायचं "घाल", तो घालायचा, स्क्रीनवर एक नाव उजळायचं, मी कागदावर लिहायचं. "मामा, निळं का काळं?" "निळं, वरचं." "वरचं म्हणजे माझ्या वरचं का तुझ्या वरचं?" कागदावर त्याने पोर्टांचं चित्र काढलं, निळे स्केचपेनने निळे केले, लॅनच्या पोर्टाला डोळे काढले. मी लिहिलेली नावं, एचएस०१ पासून एसएस०६ पर्यंत (एचएस म्हणजे यूएसबी २, एसएस म्हणजे यूएसबी ३), त्याने चित्रात परत आपल्या हस्ताक्षरात उतरवली. आतले धरून एकूण अठरा निघाले. पुढचे दोन निळे होते त्यांचं फक्त यूएसबी ३ ठेवलं आणि एक आतला हेडर सोडला, झाले पंधरा. मग यूएसबीटूलबॉक्सने त्याचा केक्स्ट बनवला आणि कीबोर्ड मागे कुठेही लावा, चालतो.

मग वाटलं संपलं. तर मशीन स्लीपमध्ये टाकलं की रात्री आपोआप उठायचं. अडीच, सव्वातीन, कधीही. पंखा फिरायला लागायचा आणि हॉलमध्ये निळा उजेड. आईने दोनदा उठून स्क्रीन बंद केली, तिसऱ्यांदा म्हणाली हे काय लागलंय याला, दृष्ट काढू का. टर्मिनलमध्ये पीएमसेट या कमांडने झोपण्या-उठण्याची नोंद काढली, उठायचं कारण दर वेळी एक्सएचसी, म्हणजे यूएसबी. माऊस काढून बघितला, कीबोर्ड काढून बघितला, तरी तेच.

परत कागद काढला. भाच्याच्या चित्रात जे होतं ते सगळं बरोबर होतं, आणि जे चित्रात नव्हतं ते म्हणजे एचएस१४, कारण ते मागून दिसतच नाही, तिथे कुणी पेनड्राइव्ह घालू शकत नाही. वायफायच्या इंटेल कार्डावरचं ब्लूटूथ आतल्या आत त्या पोर्टाला जोडलेलं. मी त्याचा प्रकार बाहेरच्या पोर्टांसारखाच ३ ठेवला होता. आतल्या पोर्टाला २५५ द्यायचं असतं, नाहीतर मॅकओएस स्लीपच्या वेळी समजतं की बाहेरचं काहीतरी काढलं-लावलं जातंय. तीन अंक बदलले. त्या रात्री मी तीनला उठून मुद्दाम हॉलमध्ये जाऊन बघितलं, काळोख.

ॲप मार्चमध्ये झालं, ॲप स्टोअरवर चढलंसुद्धा, त्याला रोज चार-पाच लोक उघडतात. मशीन आता मॅकओएस सिक्वोयावर आहे आणि तिथेच राहणार, कारण २०२५ चं टाहो हे इंटेलसाठी शेवटचं मॅकओएस आणि त्यातही आयमॅक १९,१ च्या पिढीला जागा नाही. वायफाय चालतं, आवाज चालतो, स्लीप चालतं. एअरड्रॉप (ॲपलच्या उपकरणांमध्ये बिनतारी फाइली पाठवायची सोय) चालत नाही, इंटेलच्या कार्डावर ते नाहीच, त्यामुळे बायको अजूनही आयफोनवरचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवते, आणि वर विचारते, "मॅक आहे ना आपल्याकडे?"