गिरणीचे दार आणि पन्नास सेकंद

ल्यों शहरात मेट्रोच्या 'डी' मार्गावर मोंप्लेझिर-ल्युमिएर नावाचे स्थानक आहे. तेथून बाहेर पडून थोडे चालले की एका रस्त्याची पाटी दिसते आणि तिच्यावर फ्रेंचमध्ये चक्क 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' असे लिहिलेले असते. मी या शहरात रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आले आहे, चित्रपटाच्या नव्हे; तरीही पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या कार्यालयात कागदपत्रे देण्याआधी मी त्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले होते, हे घरी अजून सांगितलेले नाही.

तेथे चित्रपटाचे आद्य प्रवर्तक असलेल्या ल्युमिएर बंधूंच्या कारखान्याच्या शेडचा एक तुकडा जपून ठेवला आहे आणि त्याला जोडून आता चित्रपटगृह आहे. छायाचित्रणाच्या काचा बनवणारा हा कारखाना. 19 मार्च 1895 रोजी त्याच्या दारासमोर या बंधूंचे चित्रणाचे यंत्र मांडून सुटी झाल्यावर बाहेर पडणारे कामगार टिपले गेले. फीत सुमारे सतरा मीटरची, हाताने फिरवायचा दांडा, सेकंदाला सोळा चित्रे. म्हणजे सगळा चित्रपट सुमारे पन्नास सेकंदांत संपतो. दार उघडते, लांब झग्यांतल्या बायका डाव्या-उजव्या बाजूंनी पांगतात, सायकली येतात, एक कुत्रा मध्ये घुसतो. या प्रसंगाच्या तीन आवृत्त्या आहेत आणि त्या घोड्यांवरून ओळखतात : एक घोडा, दोन घोडे आणि बिनघोड्याची. एकीत तर कामगार इतक्या ठेवणीतल्या कपड्यांत दिसतात की त्यांना रविवारी मुद्दाम बोलावले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे 'जसे घडले तसे' म्हणून ज्याचा आपण गौरव करतो, त्याचेही रीटेक झालेले आहेत. त्याच वर्षी 28 डिसेंबरला पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ झाला आणि 7 जुलै 1896 रोजी हेच यंत्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचले. ते खेळ पाहून सावेदादा भाटवडेकरांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. आपल्याकडचे पहिले चित्रण त्यांचेच, आणि तेही कुस्तीचे.

मी अमळनेरची. सिनेमाचे वेड आमच्या घरात आबांपासून, म्हणजे माझ्या आजोबांपासून आहे. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, त्या यात्रेतल्या तंबूत त्यांनी पडद्याच्या मागच्या बाजूला बसून सिनेमे पाहिले. त्या बाजूने पाहिले की सगळे नायक डावखुरे दिसत, असे ते सांगतात. माझ्या कॉलेजच्या वर्षांत तंबू राहिला नव्हता, पण शेजारी मालेगाव होते. नकाशात ते नाशिक जिल्ह्यात असले तरी आम्हां खानदेशी माणसांना ते आपलेच वाटते. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 च्या सुमारास गावातल्याच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' केला. कॅमेरा सरकवायला सायकल आणि उंच न्यायला बैलगाडी वापरली. यंत्रमागावर आठवडाभर राबून शुक्रवारच्या सुटीत सिनेमाला गर्दी करणारे ते गाव. त्या सायकलीची गोष्ट ऐकून आम्ही चार मैत्रिणींनी स्कूटीवर मागे तोंड करून बसून एक पाठलाग चित्रित केला होता. त्यात पाठलाग कमी आणि खड्डे जास्त दिसतात.

परीक्षणे मात्र मी फार गंभीरपणे लिहीत असे. दर शुक्रवारी रात्री पाचपैकी तारे देऊन मोकळी होत असे आणि कोणत्याही चित्रपटाबद्दल माझे एक वाक्य ठरलेले असे : 'मध्यंतरानंतर कथा रेंगाळते.' फ्रान्समध्ये आल्यावर या वाक्याची पंचाईत झाली, कारण येथे मध्यंतरच नसते. दिवे मालवले की ते शेवटची नावे सरकून जाईपर्यंत लागत नाहीत, आणि पुष्कळ प्रेक्षक ती नावे संपेपर्यंत बसून राहतात. समोसा नाही, 'आतापर्यंत कसा वाटतोय' अशी चौकशी नाही. पहिले काही चित्रपट मी अर्ध्यावर आपोआप घड्याळ पाहत काढले.

ऑक्टोबर 2024 मध्ये पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' येथे लागला. त्याच वर्षी कानच्या चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री हा मोठा पुरस्कार मिळाला होता. पडद्यावर छाया कदम मराठीत बोलू लागल्या आणि त्या अंधारात मी एकटीच किंचित पुढे सरकून बसले. खाली फ्रेंच उपशीर्षके चालू होती. मल्याळम कोठे संपली, हिंदी कोठे सुरू झाली आणि मराठी कधी आली, हे त्यांतून कळण्याची सोय नव्हती. बाहेर पडल्यावर वर्गातल्या मैत्रिणीने मला विचारले, 'तुला काय दिसले?' मी कॅमेऱ्याबद्दल, रंगसंगतीबद्दल बोलू लागले. तिने थांबवून पुन्हा तेच विचारले. 'कसा वाटला' हा प्रश्न मला ठाऊक होता. हा नव्हता, आणि सांगण्याजोगे माझ्याकडे आश्चर्य वाटावे इतके कमी निघाले.

तिच्यामुळेच मी विद्यापीठाच्या चित्रपट मंडळात गेले. येथे 'ल्युमिएर मिनिट' नावाचा एक सराव करून घेतात. कॅमेरा एका जागी ठेवायचा, हलवायचा नाही, जवळ ओढायचा नाही, कापाकापी करायची नाही, संगीत घालायचे नाही, आणि चित्रण साधारण तेवढेच, मिनिटाच्या आतबाहेर. आमच्या मंडळाने आवाज आणि उपशीर्षकेही वगळली होती. ऐकायला हे सोपे वाटते. मी येथल्या सोन नदीच्या पुलावर केलेल्या पहिल्या प्रयत्नात काहीच घडले नाही आणि दुसऱ्यात एक गृहस्थ आपली टोपी सावरत कॅमेऱ्याच्या काचेसमोर येऊन उभे राहिले. कॅमेरा कोठे ठेवायचा हा एकच निर्णय आपल्या हातात असतो, आणि तो चुकला तर पुढे काहीही दुरुस्त करता येत नाही.

डिसेंबरच्या सुटीत मी अमळनेरला गेले. आबा सकाळच्या उन्हात ओट्यावर खाट टाकून बसले होते. मोबाइलवर मी त्यांना ते ल्योंचे कामगार दाखवले. आबांनी गावातल्या कापड गिरणीत मागावर काम केले आहे. भोंग्यावर घरातला चहा ठरत असे, असे आजी सांगायची. गिरणी बंद पडून आता बरीच वर्षे झाली. त्यांनी चित्रण एकदा पाहिले, चष्मा पुसून दुसऱ्यांदा पाहिले आणि तिसऱ्यांदा लावायला सांगून अहिराणीत म्हणाले, "बठ्ठासले घर जावानी घाई शे. पन गेटवर कोनी झडती लेत नही का वं माय?" म्हणजे सगळ्यांना घरी जायची घाई आहे, पण गेटवर कोणी झडती घेत नाही का?

सव्वाशे वर्षांहून जुन्या त्या पन्नास सेकंदांवर मी निदान दहा लेख वाचले असतील. घोडे मोजले होते, कपडे न्याहाळले होते, कुत्र्यापर्यंत सगळे पाठ होते. त्या दारात झडती घेणारा माणूस नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आबांनी मग सांगितले की पाळी सुटली की रांग लागे, हात वर करावे लागत, डबा उघडून दाखवावा लागे आणि थंडीत जास्त कपडे घातलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त वेळ लागे. सुताची एखादी गुंडी जाऊ नये म्हणून. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पावसापाण्याविषयी बोलावे तसे ते बोलत होते.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या जुन्या दारासमोर मी मोबाइल तिवईवर लावला. दाराला कुलूप असल्यामुळे आबांनी भिंतीलगत उभे राहून दारापासून रस्त्याकडे चालत यावे, एवढेच ठरले. ते धुतलेला पायजमा, पांढरी टोपी आणि माझ्या वडिलांच्या लग्नातला आपला कोट घालून आले. मला ल्योंचे ते ठेवणीतले कपडे आठवले आणि मी काही बोलले नाही. पहिल्या वेळी कापसाची गाडी मध्ये येऊन थांबली आणि गाडीवानाने विचारपूस सुरू केली. दुसऱ्या वेळी दोन शेळ्या आल्या, त्या मी राहू दिल्या. आबा चालत आले, दारापासून पाच-सहा पावलांवर थबकले, हातातली पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलले, क्षणभर तसेच राहिले आणि पिशवी घेऊन चालू लागले. मी त्यांना थांबायला सांगितले नव्हते. नंतर विचारले, तर त्यांना थांबल्याचे आठवतच नव्हते.

ल्योंला परतल्यावर मंडळात ते चित्रण दाखवले. दिवे लागले, तेव्हा त्याच मैत्रिणीने हात वर करून विचारले की एकतिसाव्या सेकंदाला ते आजोबा कोणाला शरण जात आहेत.