डाउनलोड्समध्ये पडून राहिलेली उघडी प्रत

बँकेचे स्टेटमेंट, वैद्यकीय अहवाल किंवा पगारपत्रक देण्यापूर्वी संकेतस्थळ पासवर्ड मागते, ओटीपी मागते. पण तीच फाइल एकदा उतरवून घेतली की ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये उघडीच पडून राहते. माझ्या मते खरी जोखीम या विसरलेल्या प्रतींमध्ये आहे.

संगणक अनेकांच्या वापरात असेल, तर प्रत्येकाचे खाते वेगळे हवे, हे ओघानेच आले. लिनक्सवर फाइलला ६०० ही परवानगी दिली की ती वाचण्याचा आणि बदलण्याचा अधिकार मालकापुरता उरतो. विंडोजमध्ये हेच काम ‘सिक्युरिटी’ टॅबमधून होते. मात्र हे नियम पाळले जातात ते ती ऑपरेटिंग सिस्टिम चालू असेपर्यंतच. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर तिथल्या अ‍ॅडमिनला या परवानग्या अडवू शकत नाहीत. तिथे एन्क्रिप्शनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात फाइल ठेवणेच, लागते.

विंडोजचे बिटलॉकर, मॅकचे फाइलव्हॉल्ट आणि लिनक्सचे लक्स संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करतात, त्यामुळे बंद अवस्थेत चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधून काही हाती लागत नाही. परंतु आपण लॉगिन केल्यावर आपल्या खात्यात चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला, अर्थात मालवेअरलाही (घातक सॉफ्टवेअरलाही), त्या फायली साध्याच दिसतात. म्हणून मोजक्या नाजूक फायलींसाठी व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शन प्रोग्रामचा स्वतंत्र कंटेनर (पासवर्डने उघडणारी, आत फायली ठेवता येणारी एक एन्क्रिप्टेड फाइल) करून तो कामापुरताच उघडावा, हे मला अधिक पटते.

एखादीच फाइल पाठवायची असेल तर सेव्हन-झिप हा फायली एकत्र बांधून पासवर्ड लावणारा प्रोग्राम पुरतो, पण त्यातले बारकावे पाहायला हवेत. झिप प्रकार निवडल्यास झिपक्रिप्टो ही जुनी, कमकुवत पद्धत आपोआप निवडली जाते. सेव्हन-झेड प्रकारात एईएस-२५६ ही मजबूत एन्क्रिप्शन पद्धत मिळते, तरीही फायलींची नावे झाकण्याच्या पर्यायावर खूण केली नाही, तर पासवर्ड न देताही यादी वाचता येते. आणि ‘बायोप्सी अहवाल’ एवढे नाव दिसले की आत काय आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. शिवाय आर्काइव्हमधूनच (त्या बांधलेल्या फाइलमधूनच) आतली फाइल उघडली की तिची साधी प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार होते. (पीडीएफवरचे ‘प्रिंट करू नये’ छापाचे निर्बंध मी संरक्षणात धरतच नाही, ते पाळायचे की नाही, हे वाचणारे सॉफ्टवेअर ठरवते.)

कंटेनरमध्ये ठेवल्यावर मूळ फाइल पुसली, तरी एसएसडीवर (आजच्या लॅपटॉपमधल्या चिप-आधारित डिस्कवर) तिचे अवशेष काही काळ राहू शकतात, कारण नवा मजकूर जुन्याच जागी लिहिला जाईल याची हमी नसते. त्यामुळे क्रमाला महत्त्व आहे: आधी संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन, मग डाउनलोड, मग कंटेनर. असे केल्यास मागे उरणारे अवशेषही एन्क्रिप्ट झालेलेच असतात.

बिटलॉकरची रिकव्हरी की (नेहमीच्या मार्गाने डिस्क उघडली नाही, तर ती उघडणारी किल्ली) त्याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही. व्हेराक्रिप्टच्या हेडरचा (कंटेनर उघडण्यासाठी लागणारी माहिती असलेल्या सुरुवातीच्या भागाचा) बॅकअपही बाहेर ठेवावा, कारण हेडर आणि त्याची कंटेनरमधली राखीव प्रत दोन्ही बिघडली, तर पासवर्ड बरोबर असूनही कंटेनर उघडत नाही.