दोन बिऱ्हाडांच्या मधलं घर

भावाच्या फ्लॅटच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. तो लांब राहतो, घर भाड्याने दिलेलं आहे. दर दोन-तीन वर्षांनी एक बिऱ्हाड उठतं, दुसरं येतं. मधले काही दिवस ते घर कोणाचंच नसतं. त्या दिवसांत मी आणि मावशी बादल्या, ब्रश, फडकी घेऊन तिथे जाऊन पडतो. आतापर्यंत चार वेळा गेलो. मावशी या कामात मुरलेल्या, मी हौशी. पैसे त्या घेतात आणि सूचनाही त्याच देतात.

रिकाम्या घरात शिरलं की माणूस आपोआप दबक्या आवाजात बोलायला लागतो. कोणी झोपलेलं नसतं, कोणी आजारी नसतं, तरी. कारण आपलाच आवाज अंगावर येतो. बादली टेकवली तरी शेजारच्या खोलीत कोणी दार आपटल्यासारखं वाटतं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे असंच एक दुखणं आलं होतं. नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि तिथे बोललेलं कोणाला काही कळत नव्हतं. मोकळ्या सभागृहात आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबाइनने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या आणि मध्यरात्रीच्या शांततेत त्या थोड्या थोड्या मांडत घुमारा मोजला. गाद्या वाढतील तसा तो कमी होत गेला. मी हे मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे गाद्या आवाजही खातात का? मला वाटलं, नुसती धूळच खातात."

आवाजानंतर वास. महिनाभर बंद राहिलेल्या घरात गटाराचा एक कुबट भपकारा येतो. पहिल्या वेळी मला वाटलं, गेलेल्या लोकांनीच काहीतरी करून ठेवलंय. मनातल्या मनात त्यांना बरंच बोलूनही घेतलं. दोष त्यांचा नव्हता. सिंकखालच्या पाइपाला एक वाकडं वळण असतं, त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं आणि तेवढं ओंजळभर पाणीच गटारातली हवा घरात येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने १७७५ साली असं वळण असलेल्या शौचकुपाचं पेटंट घेतलं होतं. (घड्याळजीला हे कुठे सुचलं असेल, याचा मी अंदाज बांधू शकते.) घर बंद राहिलं, नळ वाहिले नाहीत, की वळणातलं पाणी आटतं. मग वास येतो आणि त्याच वाटेने झुरळंही येतात. त्यामुळे आता खिडक्या उघडण्याआधी मी मोरीतल्या, बाथरूममधल्या, बाल्कनीतल्या प्रत्येक जाळीत तांब्या-तांब्या पाणी ओतते. निम्मा वास तिथेच मिटतो. न केलेल्या गुन्ह्यासाठी त्या पहिल्या बिऱ्हाडाची मी अजून माफी मागितलेली नाही.

मग मावशींचं राज्य सुरू होतं. त्यांचे नियम दोनच. एक, वरून खाली. दोन, आधी कोरडं, मग ओलं. "ताई, धूळ आणि चिखल यात फरक फक्त पाण्याचा," असं त्या खिडकीच्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणतात. सरकत्या खिडकीच्या त्या अरुंद पट्टीत काय काय असतं म्हणून सांगू! माती, केस, मेलेले किडे, कबुतराचं पीस. मी एकदा उत्साहात तिथे आधी पाणी ओतलं होतं. पुढचा तासभर काडीला चिंधी गुंडाळून मी ती पट्टी कोरत बसले. आता आधी जुना दातांचा ब्रश, मग कोरडं फडकं, आणि पाणी सगळ्यात शेवटी.

वरून खाली म्हणजे पंख्यापासून. एवढं गरागरा फिरणारं पातं, त्यावर धूळ बसतेच कशी, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलेला. उत्तर असं, की पात्याला अगदी चिकटून हवेचा एक पातळ थर पात्याबरोबरच फिरत असतो. पात्याच्या दृष्टीने ती हवा जवळजवळ थांबलेलीच असते. त्या थरात जे अडकलं ते वाऱ्याने उडत नाही. त्यातही पात्याची पुढची कड, हवा कापत जाणारी, सगळ्यात काळी असते. मावशी पात्याला जुना उशीचा अभ्रा पायमोज्यासारखा चढवतात आणि दोन्ही बाजूंनी दाबत ओढून घेतात. सगळा काळा लोंदा अभ्र्याच्या आत. डोक्यावर कणभर पडत नाही. मी ही युक्ती भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

वरचं झाडून झाल्यावर मावशी चक्क बसतात. मला आधी तो आळस वाटायचा. पण ढवळलेली धूळ लगेच खाली येत नाही. डोळ्यांना दिसणारे कण काही मिनिटांत बसतात. एका मायक्रॉनचा बारीक कण मात्र, हवा अगदी स्थिर असली तरी, छतापासून फरशीपर्यंत यायला वीसेक तास घेतो. म्हणून आज लखलखीत पुसलेली फरशी उद्या सकाळी पांढुरकी दिसते आणि आपण एकमेकांवर संशय घेतो. फरशीचा शेवटचा हात म्हणूनच किल्ल्या देण्याच्या दिवशी सकाळी. त्याआधी ती कितीही वेळा पुसा, ती फक्त सवय.

स्वयंपाकघराबद्दल फार लिहीत नाही. ज्याने कधी एक्झॉस्ट फॅन खाली काढला आहे त्याला काही सांगायला नको, आणि ज्याने काढला नाही त्याने सुखात राहावं. एवढंच सांगते, की चिकट्याशी मारामारी करायची नसते. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून त्यात फडकं भिजवायचं, ते ओलंच कपाटाच्या दारावर थापायचं आणि वीस मिनिटं दुसरं काम बघायचं. सोडा त्या ओशटपणातल्या थोड्या तेलाचा साबणच करून टाकतो. म्हणजे आधीच्या लोकांनी वर्षानुवर्षं उडवलेलं तेल शेवटी आपल्याच बाजूने लढतं. अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला मात्र सोडा लावू नये, ती काळी पडते. हे मी जाळी काळी करून शिकले.

बाथरूममधला अपघात तेवढा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. नळांवर आणि टाइलवर बसलेला पांढरा थर म्हणजे पाण्यातला क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आम्ल लागतं. लिंबूसत्त्वाचं पाणी किंवा व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात आणि थर सुटायला लागतो. ते बुडबुडे बघत बसायला मला मनापासून आवडतं. (संगमरवरी ओट्यावर हा खेळ करू नये. संगमरवरही त्याच जातीचा, तोही बुडबुडे काढत झिजतो.) तर पहिल्या वेळी मावशी यायच्या आधीच मी एकटीने कमोडमध्ये आम्लाचं क्लीनर ओतलं, समाधान झालं नाही म्हणून वर ब्लीच ओतलं, आणि दार लोटून घासायला बसले. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. घसा आवळला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. कशीबशी बाहेर पडून मी खिडकीपाशी खोकत उभी राहिले. मावशी आल्या, वास घेतला, सगळी दारं-खिडक्या उघडल्या आणि मला जिन्यात बसवलं. ओरडल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून बाटल्यांची पिशवी त्यांच्याकडे असते.

आता खरं जे सांगायचं होतं त्याकडे येते.

पहिल्या वेळी आतल्या खोलीच्या भिंतीवर, साधारण कमरेच्या वर, मला दोन डाग दिसले. लांबट, मेणचट, एकमेकांपासून हातभर अंतरावर. एक दुसऱ्यापेक्षा चार बोटं उंच. पलंगावर पाठ टेकून बसणाऱ्या दोन डोक्यांचे डाग. ते बघून मी हळवी झाले. उंच डोकं कोणाचं, रात्री दोघं काय बोलत असतील, डाग इतका गडद म्हणजे बोलणं बरंच होत असणार, असं काय काय. भाडेकरार करताना त्या जोडप्याशी माझी जेमतेम दहा मिनिटं भेट झाली होती. पण त्या भिंतीसमोर उभं राहून मला वाटलं, यांना आता माझ्याइतकं कोणी ओळखत नाही. घर घासणारा माणूस म्हणजे घराचा खरा वाचक, असं एक छानसं वाक्यही मी मनात तयार करून ठेवलं होतं. मग रंगारी आला आणि भिंत पांढरी झाली.

अडीच वर्षांनी दुसरं बिऱ्हाड गेलं. ती दोन कॉलेजातली मुलं होती, मित्र-मित्र. त्याच भिंतीवर, तेवढ्याच उंचीवर, एक डाग. तिसऱ्या वेळी आई-वडील आणि मुलगी असं कुटुंब होतं. पुन्हा दोन डाग, त्याच जागी, आणि खाली तिसरा, लहानसा.

माझं छान वाक्य गळून पडलं. कारण मग मी इतरत्रही बघायला लागले. स्वयंपाकघराच्या दारातल्या बटणांभोवतीची काळपट महिरप दरवेळी उजवीकडेच पसरलेली, कारण तिथे हात न बघता जातो. सिंकपुढची एकच फरशी दरवेळी निस्तेज. बाहेरच्या दाराच्या चौकटीला, अगदी ठरलेल्या उंचीवर, आधारासाठी टेकलेल्या हातांचा राप, कारण चपला घालताना तिथे दुसरं काही धरायला नाहीच. आतल्या खोलीत पलंग मावेल अशी भिंत एकच आहे. समोरच्या भिंतीला खिडकी, डावीकडे दार उघडतं, उजवीकडे कपाट. मोबाइलच्या चार्जरचं बटणही त्याच भिंतीला. कोणीही आलं तरी पलंग तिथेच लागणार, आणि त्यावर बसून डोकं तिथेच टेकणार. मी ज्याला माणसांची खूण समजत होते ती घराची सवय होती. घर आपलं आहे तिथेच बसून येणाऱ्या प्रत्येकाला मुकाट्याने शिकवतं: इथे उभा राहा, इथे धर, इथे टेक.

मावशींना हे सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "हे मला कोणी विचारलंच नाही ताई. मी तर घर बघायच्या आधी सांगेन, कुठं कुठं घासायला लागणार."

माणसांचं म्हणून जे उरतं ते फारच किरकोळ. पडद्याची एक कडी. माळ्यावर कोपऱ्यात ढकललेला, जोडीदार हरवलेला एक मोजा. आणि दरवेळी, अगदी दरवेळी, घरातल्या कुठल्याच कुलपाला न लागणारी एक किल्ली. मावशी ती टाकू देत नाहीत. कोणीतरी, कधीतरी, तिच्यासाठी परत येईल असं त्यांना वाटतं. चार वेळच्या चार किल्ल्या एका डबीत माळ्यावर आहेत. आलं कोणीच नाही.

या खेपेला भावाने रंगाचा खर्च नको म्हणून सांगितलं. त्यामुळे डाग घासूनच काढणं आलं. मावशींनी कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले, मऊ स्पंज घट्ट पिळून घेतला आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवला. डाग निघाला. आणि त्या जागी एक स्वच्छ, लांबट चांदणं पडलं. बाकीची सगळी भिंत मळकी आहे हे तोपर्यंत आम्हाला कळलंच नव्हतं. मग कडा मिसळाव्यात म्हणून आजूबाजूचं पुसलं, तसं चांदणं आणखी पसरलं. तासाभराने जवळजवळ अर्धी भिंत धुऊन झाली होती आणि बाजूची अर्धी आमच्याकडे बघत होती. मावशींनी स्पंज बादलीत टाकला. "आता थांबायचं ताई. नाहीतर घरभर धुवावं लागेल, आणि मग छत खराब दिसेल."

शेवटच्या दिवशी सकाळी फरशीला अखेरचा हात. आतल्या खोलीच्या कोपऱ्यापासून मागे मागे येत, आपलीच पावलं पुसत, उंबऱ्यापर्यंत. मग दारात चपला घालताना मी आधारासाठी चौकटीला हात लावला. लावल्यावर लक्षात आलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, कमरेचं फडकं काढलं, तेवढी जागा पुसली आणि पुन्हा खोचलं.

नवीन माणसं दुपारी आली. नवरा-बायको आणि तिची आई. टेम्पोतून सामान उतरेपर्यंत मी किल्ल्या घेऊन थांबले होते. आजींनी घरभर फिरून कौतुक केलं, एक बोट खिडकीच्या पट्टीतूनही फिरवून पाहिलं, आणि मी मनातल्या मनात त्या जुन्या दातांच्या ब्रशचे आभार मानले. मग आतल्या खोलीत पलंग कुठे लावायचा यावर चर्चा सुरू झाली. ती म्हणाली खिडकीखाली, म्हणजे वारा लागेल. मजुरांनी तसा लावून पाहिला. कपाटाचं दार उघडेना. तो म्हणाला, मग आडवा लावू. खोलीचं दार अडलं. दोन-तीनदा उचल-ठेव झाली, मजूर कुरकुरायला लागले. आजी शांतपणे दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "त्या भिंतीला लावा बघू. तिथली भिंत जरा उजळही दिसतेय."