दीडशे चमचे

रविवार, मृग लागला

पावसाळ्याआधी महाविद्यालयातली पोरं विचारायला येतात, "मेळघाटात जुलाबाची साथ आली तर आम्ही काय करू?" त्यांच्या डोक्यात आधीच एक उत्तर तयार असतं : ओआरएसची पाकिटं वाटू. वाटणं सोपं. हिशेब लागतो, फोटोही निघतो. पण घरात गेलेली पाकिटं दुसऱ्या दिवशी फडताळात तशीच सापडतात, किंवा एकाच ग्लासात फोडून दोन घोटांनंतर ठेवून दिलेली.

खरं काम किती आहे ते चमच्यात मोजावं. दहा किलोचं पोर. डोळे खोल गेलेत, चिडचिड करतंय, पाणी दिसलं की हपापतंय. त्याला पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिली, म्हणजे ७५० मिली ओआरएस पोटात जायला हवं. चहाच्या चमच्यात ५ मिली मावतं. म्हणजे दीडशे चमचे, साधारण दर दीड मिनिटाला एक. त्याच वेळी आईला चूल आहे, धाकटं अंगावर आहे, नवरा आडवा पडलाय, बाहेर पेरणी खोळंबलीय. ती वीस चमचे पाजते, पोर ओकतं, ती थांबते. तिच्या जागी कुणीही थांबेल.

तिथे चार तास मांडी घालून बसणारा माणूस हवा, आणि ते काम एकोणीस वर्षांच्या पोरापोरींना नक्की जमतं. पोर ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा सुरू, पण सावकाश : दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. ओकारी दिसते मोठी, तरी पाजलेल्यातलं बरंचसं आत राहिलेलं असतं. पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर ओआरएस थांबवून साधं पाणी आणि अंगावरचं दूध द्यायचं. अंगावरचं दूध मधल्या काळातही बंद करायचं नाही.

हे नवीन नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकी (कॉलरा) पसरली आणि बनगावच्या रुग्णालयात सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा हे मिश्रण द्यायला सुरुवात केली. पाजायला नर्स पुरणार नव्हत्याच. नातेवाईकच पाजत बसले. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

सोमवार

पाकिटांचा घोळ. मोठं पाकीट साडेवीस ग्रॅमचं, एक लिटरसाठी. छोटं चार ग्रॅमच्या आसपास, एका २०० मिलीच्या ग्लासासाठी. एकाच पिशवीत दोन्ही कोंबली की मोठं पाकीट ग्लासात जातं. एवढं खारट-गोड पाणी आतड्यात पोचलं की ते शरीरातलंच पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात, आणि गावभर होतं की "पुडीनं हगवण वाढली". मग त्या घरात दुसरी पुडी कोणी फोडत नाही. म्हणून एका गावात एकच आकार न्यायचा. पाकिटावरचा मजकूर पोरांनीच मोठ्यानं वाचून दाखवायचा.

लिटर मोजायला पाण्याची रिकामी बाटली सगळ्यात बरी. ती कुठल्याही वस्तीत सापडते. स्टीलच्या ग्लासावर भरवसा ठेवू नये, कुठला १५० चा तर कुठला ३०० चा. (देशीची क्वार्टर १८० मिलीची असते, हेही गावात सगळ्यांना पाठ आहे. छोट्या पुडीसाठी ती गळ्यापर्यंत भरून चालून जाते, पण आशाताईंसमोर हे बोलायची सोय नाही.) कालवलेलं पाणी चोवीस तासांनी ओतून द्यायचं. उकळायचं ते आधी, पुडी टाकल्यावर नाही.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीनं वरचा ढीग काढलेला. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि नव्यानं करा. दुकानातली रंगीत गोड पेयं यात धरायची नाहीत.

झिंकच्या गोळीचं थोडक्यात : सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, चौदा दिवस. चमच्यात पाणी किंवा दूध घेऊन विरघळवायची. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि पट्टी उशाखाली जाते, म्हणून दर फेरीला पट्टीच बघायला मागायची.

बुधवार

कोणाला घरी पाजायचं आणि कोणाला लगेच हलवायचं, यावर आज बराच वेळ गेला. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. सावकाश सपाट झाली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली, मूल सुस्तावलं, पीत नाही, हातपाय गार पडलेत, तर ती घाई आहे. गाडी बोलवायची, आणि शुद्ध असून गिळत असेल तर गाडीतही चमचा चालू ठेवायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही.

इथली अडचण वेगळी आहे. कुपोषित पोराच्या अंगावर मांसच नसतं. त्याची कातडी एरवीही सावकाश परतते आणि डोळे एरवीही खोलच दिसतात. पुस्तकातली खूण अशा पोरावर फसते. उपाय एकच, आईला विचारायचं : "माय, याचे डोळे नेहमी असेच असतात, की कालपासून असे झाले?" दंडाचा घेर मोजायची पट्टी लाल दाखवत असेल किंवा पावलांवर सूज असेल, तर ते पोर घरी पाजत ठेवायचं नाही. त्याच्या शरीराला पाण्याचा वेगळा वेग लागतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

भूमका म्हणजे गावातला पारंपरिक उपचार करणारा. त्याच्याबद्दल बोलताना पोरांचा आवाज लगेच चढतो. चढू देऊ नये. पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देणं थांबलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण पहाटे तीन वाजता लोक आधी त्याच्याच दारात जातात. त्याच्या हाती लिटरची बाटली आणि चार पुड्या असल्या तर पहिला चमचा तिथेच सुरू होतो.

आणि आईशी पहिल्याच वाक्यात खरं बोलायचं : "माय, जुलाब लगेच थांबायचे नाहीत. हे पाणी जुलाब बंद करायला नाही, पोर सुकू नये म्हणून आहे." हे सांगितलं नाही तर संध्याकाळी जुलाब चालूच दिसतात, आई पाणी बंद करते आणि सुई टोचणाऱ्याकडे जाते. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं १९८० ते १९९० या काळात घरोघरी जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असं मिश्रण शिकवलं, १ कोटी २० लाखांहून जास्त घरांत. शिकवणाऱ्या बायांना पगार किती घरं फिरल्या यावर नव्हता. नंतर तपासनीस जाऊन आईला विचारायचा, तिला किती आठवतं, करून दाखवता येतं का, आणि त्यावर पैसे. तरीही सुरुवातीला वापर फारच कमी निघाला, कारण आयांना कृती येत होती पण विश्वास बसला नव्हता. आपल्याकडे अजून "किती पाकिटं वाटली" हाच रकाना अहवालात सगळ्यात वर असतो.

गुरुवार

विहीर. यात चुका सर्वांत जास्त होतात, कारण पावडर टाकली की काम झालं असं वाटतं.

आधी टीसीएल, म्हणजे विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर बघायची. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. ग्रामपंचायतीच्या खोलीत उघड्या पोत्यात एक पावसाळा काढलेली पावडर गोळे होऊन पडलेली असते आणि नाकाला झोंबत नाही. ती म्हणजे चुना. नवीन मागवायची, आणि झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवायची.

मग पाणी मोजायचं. दगड बांधलेला दोर सोडून खोली, टेपनं व्यास. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ७८५ केलं की लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत २८,२६० लिटर. साथीत हजार लिटरला ५ ग्रॅम धरले तर सुमारे १४० ग्रॅम पावडर. पावसात पातळी रोज वर चढते, त्यामुळे कालचा आकडा आज चालत नाही. दोर रोज सोडायचा.

प्लास्टिकच्या बादलीत जास्तीत जास्त १०० ग्रॅम पावडर, थोड्या पाण्यात लगदा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं. वारा पाठीशी, नाकातोंडाला फडकं. दहा मिनिटं निवू द्यायचं, वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायचं आणि खालचा चुन्याचा साका विहिरीपासून लांब खड्ड्यात टाकायचा. निवळाची बादली दोरानं पाण्याखाली सोडून वर-खाली, गोल फिरवायची. वरून भसकन ओतलं तर क्लोरीन वरच्या थरातच राहतं. एक तास कुणी पोहरा टाकायचा नाही. म्हणून हे काम रात्री उशिरा किंवा पहाटे करायचं.

तपासणी मात्र विहिरीवर नाही, घरातल्या गुंडात, म्हणजे पाण्याच्या भांड्यात करायची. क्लोरोस्कोपच्या (पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या साधनाच्या) नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब, आणि पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. उशीर केला की रंग गडद होत जातो आणि आकडा फुगतो. नळी आकाशाकडे धरून बघायची, बल्बच्या पिवळ्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं. साथीत लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन हवं. विहिरीवर अर्धा आणि गुंडात शून्य निघालं, तर बहुधा गाळ क्लोरीन खातोय किंवा गुंडात हात बुडतायत. तिथे ओगराळं द्यायचं, लांब दांड्याचं.

आणि डोस वाढवायचा मोह आवरायचा. पाण्याला वास मारला की बाया गुपचूप नाल्यातल्या झिऱ्यावर जातात. झिऱ्याचं पाणी गोड लागतं, थंड असतं, आणि वरच्या अंगाला गावातली पोरं परसाकडे बसलेली असतात. शेतात मजुरीला गेलेली माणसं तर झिऱ्याचंच पितात, हे विहिरीच्या हिशेबात येतच नाही.

शनिवार

क्रम चुकला तर पुरावा जातो. पाण्याचा नमुना टीसीएल टाकण्याआधी घ्यायचा, विष्ठेचा नमुना प्रतिजैविक देण्याआधी. पाण्याची बाटली निर्जंतुक, बर्फात, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत. उत्साही पोरं गावात शिरल्याबरोबर पावडर टाकतात, मग पाणी स्वच्छ असल्याचा अहवाल येतो आणि दोष शिळ्या भातावर जातो.

रुग्णांच्या यादीत नाव, वय, घर, पहिला जुलाब कधी, त्याआधीचे तीन-चार दिवस पाणी कुठलं प्यायलं, कामाला कुठे गेला. "कधी" या रकान्यात बहुतेक जण पोरं घरी आली ती तारीख सांगतात. बाजाराचा दिवस धरून विचारायचं : बाजाराच्या आधी की नंतर, सकाळी की दिवे लागल्यावर? चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब झाले तरच यादीत घ्यायचं. पाच वर्षांवरच्या माणसाला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन तो सुकला किंवा दगावला, तर दुसऱ्या रुग्णाची वाट बघायची नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच क्षणी कळवायचं. टॉवर लागत नसेल तर मोटरसायकलवर चिठ्ठी.

मयताच्या घरी जपून. मयताला पाणी घालणं, कपडे विहिरीवर धुणं आणि नंतरचं जेवण, तिन्हींमधून साथ पुढच्या गावाला जाते. जेवण बंद करा असं कुणी बाहेरच्यानं सांगितलेलं ऐकलं जात नाही. गावातल्याच कुणाला तरी साबण घेऊन हात धुवायच्या जागी उभं करावं, आणि कपडे घराजवळ क्लोरीनच्या पाण्यात भिजवून घ्यावेत.

स्वतःसाठी : नखं कापलेली, पाणी आपलं, जोडीनं फिरायचं. एकाला जुलाब लागले तर तो त्याच दिवशी यादीत, लपवाछपवी नाही.

जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत माणसं दगावली, तेव्हा सुरुवात वीजबिलापासून झाली होती. बिल थकलं, जोडणी तुटली, नळयोजना बंद पडली आणि लोक उघड्या विहिरीवर गेले. पुड्या, सलाईन, टीसीएल हे सगळं त्याच्या नंतरचं. म्हणून पोरांच्या यादीत मे महिन्यासाठी आता तीन प्रश्न वर घातलेत, ग्रामसेवक आणि जलसुरक्षकाला (गावचं पाणी सांभाळणाऱ्याला) विचारायचे. पंपाचं बिल कुठल्या महिन्यापर्यंत भरलंय? टीसीएलचं पोतं कधी आलं आणि कुठे ठेवलंय? पंप बंद पडला तर गाव कुठल्या विहिरीवर जाईल, आणि त्या विहिरीला कठडा आहे का? तिसऱ्या प्रश्नाला "कुठलीच नाही, नळ आहे ना" असं उत्तर आलं, तर त्या गावाचं नाव पहिल्या पानावर घ्यायचं आणि त्याच दुपारी बायांबरोबर पाण्याच्या वाटेनं चालून यायचं.