एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा ताण: मला काय उपयोगी पडलं

पहिल्या वर्षाचा ताण विषय अवघड असल्यामुळे कमी आणि अभ्यास साचल्यामुळे जास्त येतो, असं माझं ठाम मत आहे. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री तिन्ही एकदमच सुरू होतात. नीट प्रवेश परीक्षेत चार पर्याय समोर असतात. इथे परीक्षक हातात हाड देतात आणि 'बोला' म्हणतात. वाचलेलं ओळखीचं वाटतं, पण तोंडातून निघत नाही.

म्हणून मी वाचन कमी करून बोलणं वाढवलं. डिसेक्शन (मृतदेहाचं विच्छेदन) झालं की त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून तो भाग रूममेटला सांगायचा. स्कॅप्युला, म्हणजे खांद्याचं पसरट हाड, हातात घेतलं की आधी ते डावं की उजवं ही बाजू ठरवायची: ग्लेनॉइड (सांध्याची खोबण) बाहेरच्या अंगाला, स्पाइन (हाडावरचा उंचवटा) मागे, इन्फिरियर अँगल (खालचं टोक) खाली. मग एकेका स्नायूच्या जागेवर बोट ठेवत जायचं. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, कोऱ्या कागदावर काढायचा: सी 5 ते टी 1 ही पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड. अडेल तिथे खूण करून तेवढंच पुन्हा वाचायचं. अख्खा धडा परत उघडला की उद्याचा भाग साचलाच. मराठी माध्यमातून आलेल्यांनी तर हे मोठ्याने, छोट्या इंग्रजी वाक्यांत करावंच. उत्तर येत असूनही व्हायवात (तोंडी परीक्षेत) गप्प बसणारी हुशार मुलं पाहिली की जीव तुटतो.

मृतदेह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, काहींना भोवळही येते. उपाशीपोटी हॉलमध्ये जाऊ नये, लेन्सऐवजी चष्मा लावावा, गरगरलं तर सांगून सरळ खाली बसावं.

पार्ट कम्प्लिशनच्या (एकेक भाग संपल्यावरच्या परीक्षेच्या) आदल्या रात्रीही झोप मोडायची नाही. पाठ केलेलं झोपेतच पक्कं होतं. शिवाय जागरणापायी सकाळचं लेक्चर बुडतं आणि थिअरीला 75, प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते. प्रॅक्टिकलच्या जर्नलवर शिक्षकांच्या सह्या त्या त्या आठवड्यातच घ्याव्यात.

एखाद्या इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) मार्क कमी पडले तर पेपर घेऊन शिक्षकांना भेटावं आणि नेमकं काय राहिलं ते विचारावं. पण दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न उरत नाही. मानसोपचार विभागात दाखवावं. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगावं, एकटं राहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ताणाचं मूळ रॅगिंग असेल तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन: 1800-180-5522.